कुठले मोरे? इंफाळ ते मोरेह, जुन्या वहीतून

दुकानाच्या माळ्यावर जुन्या उधारीच्या वह्या आवरताना ही वही सापडली. नोव्हेंबर २०१९ ची. अर्धी वही गिऱ्हाइकांच्या बाकीची आणि मधली काही पानं मणिपूरची. तेव्हा रोज रात्री दोन-चार ओळी लिहून ठेवायचे, त्याच आता जरा नीट करून टाकतेय.

विट्यात माझं छोटं कटलरीचं दुकान आहे, बांगड्या टिकल्या क्लिपा पर्स असलं सगळं. दिवाळीचा सीझन संपला होता, लग्नसराई जोरात सुरू व्हायला थोडा वेळ होता, आणि ताई दोन वर्षं मागं लागली होती की ये म्हणून, दाजींची बदली इंफाळला झालेली. मी ताईला आधीच सांगून ठेवलं होतं, देवळं-तळी नंतर, मला आधी बाजार दाखव. तिनं सांगितलं इथनं म्यानमारच्या बॉर्डरवर मोरेह नावाचं गाव आहे तिथं पण जाऊ. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, कुठले मोरे, तासगावचे का?

दिवस पहिला

पुणे-कोलकाता-इंफाळ. लिहिण्यासारखं काही नाही, सगळा दिवस विमानतळांवरच गेला. फक्त एक, साडेचारला अंधार! मला वाटलं घड्याळ बंद पडलं. ताई म्हणाली इथं सकाळ पण तशीच, लवकर उजाडतं, पहाटेच बाजार भरलेला असतो.

दिवस दुसरा

इमा कैथेल. इमा म्हणजे आई आणि कैथेल म्हणजे बाजार. ह्याच्याबद्दल थोडंफार ऐकलं होतं, पण दुकानदार बाईनं ते स्वतः बघणं वेगळं. तीन मोठ्या इमारती आणि बाहेर रस्त्यावर वेगळा पसारा, आत तीन हजाराच्या वर बायका आणि विकायला पुरुष एकही नाही. हमाल पुरुष, गिऱ्हाईक पुरुष, गल्ल्यावर मात्र बाईच. ती पण लग्न झालेलीच पाहिजे, मग नवरा असो नसो. जागा आईकडून लेकीला किंवा सासूकडून सुनेला जाते. जागा म्हणजे काय, ओट्यावर मांडी घालून बसायला आणि पुढं माल मांडायला पुरेल एवढी, शेजारणीचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागतो. आमच्याकडं एवढ्या जागेवरून रोज कोर्टकचेरी झाली असती.

४ जानेवारी २०१६ ला ६.७ चा भूकंप झाला होता, तेव्हा ह्याच नव्या इमारतींना मोठे तडे गेले. बायका म्हणे बाहेर रस्त्यावर बसून धंदा करत होत्या, बाजार बंद नाही ठेवला.

एका गल्लीत सगळ्या मासळीवाल्या, न्गारीचा वास (आंबवलेले मासे, सवय नसली तर डोळ्यात पाणी येतं), पुढच्या गल्लीत फनेक म्हणजे त्यांचं लुंगीसारखं नेसायचं कापड, मग काळा तांदूळ, मग देवाची फुलं. मी फनेक घ्यायला एका सत्तरीच्या इमांपुढं बसले. ताईनं शिकवलं होतं 'कयानो?' म्हणजे कितीला. त्यांनी आकडा सांगितला, मी सवयीनं निम्मा सांगितला. त्यांनी कापड घडी करून ठेवून दिलं आणि शेजारणीशी गप्पा मारायला लागल्या. रागावल्या वगैरे नाहीत, फक्त मी तिथं नाहीच असं. ही ट्रिक मी स्वतः वीस वर्षं गिऱ्हाइकांवर करतेय आणि माझ्यावर बरोब्बर चालली. पूर्ण पैसे देऊन उठले.

तिथंच मारूप कळलं. पाच-सहा जणी एका वहीभोवती डोकी घालून बसलेल्या, नोटा मोजत होत्या. ताई म्हणाली मारूप आहे, आणि समजवायला लागली तर मी म्हटलं अगं ही तर भिशी! अगदी भिशीच, दर महिन्याला वर्गणी आणि एकीला उचल. ह्याच पैशातून माल भरायचा, ह्याच पैशातून पोरांची फी. बँकेत कशाला जातील, माल गहाण ठेवा म्हणतील आणि माल तर संध्याकाळपर्यंत विकून संपतो.

दिवस तिसरा

मोरेहला जायचं ठरलं होतं पण बंद. कुणी पुकारला, कशासाठी, ते विचारायच्या भानगडीत ताई पण पडत नाही आता. मणिपूरमध्ये बंद आणि नाकेबंदी हा पावसासारखा प्रकार आहे, आला की आत बसायचं. नोव्हेंबर २०१६ ते मार्च २०१७ साडेचार महिने हायवे अडवलेले, तेव्हा तर पेट्रोल आणि गॅस ब्लॅकनं घ्यावा लागला म्हणाली.

पण बंद माझ्या पथ्यावर पडला. ताईच्या शेजारी एक इमा राहतात, पन्नाशीच्या. मैतेई आहेत, म्हणजे इंफाळकडच्या मोठ्या समाजातल्या. चौदा वर्षं आठवड्यातून दोनदा मोरेहला जाऊन माल आणतात आणि इंफाळात बायकांना घाऊक देतात. बंदमुळं त्या पण घरी. चहाला आल्या आणि तीन तास बसल्या. हिंदी मोडकं त्यांचं पण आणि माझं पण, धंद्याचं मात्र सगळं कळत होतं.

माल म्हणजे ब्लँकेट, चपला, थर्मास, डास मारायची रॅकेट, बहुतेक चायनाचा, थोडा थायलंडचा, बर्मातून येतो. बॉर्डरपलीकडं नाम्फालोंग म्हणून बाजार आहे, तिथं तेव्हा एक दिवसाच्या पासवर जाता यायचं. १९९४ मध्ये भारत-म्यानमार व्यापाराचा करार झाला, १९९५ च्या एप्रिलपासून मोरेहचा रस्ता अधिकृत उघडला, आधी ठरावीक वस्तूंची अदलाबदल, ती पद्धत २०१५ च्या शेवटी बंद झाली. पण हे सगळं मोठ्या व्यापाऱ्यांचं, ज्यांच्याकडं लायसन आणि ट्रक आहेत. इमांसारख्यांचा धंदा डोक्यावर, खांद्यावर आणि विंगर गाडीच्या सीटखाली बसेल एवढा. तो कुठल्या सरकारी आकड्यात येत असेल असं मला नाही वाटत.

मी विचारलं भांडवल? म्हणाल्या वीस हजार मारूपचे, बाकी उधारी. मोरेहमध्ये त्यांची एक व्यापारीण आहे, कुकी म्हणजे डोंगरातल्या जमातीची, तिचं गोडाऊन आहे, ती माल देते आणि पुढच्या फेरीला पैसे घेते. लिहिता कुठं? तर म्हणाल्या, तिच्या वहीत मी आणि माझ्या वहीत ती.

इथं मैतेई, कुकी, नागा ह्यांची आपापसात किती जुनी भांडणं आहेत ते ताईनं आधीच सांगितलं होतं. १९९० च्या दशकात कुकी-नागा दंगे झाले, कुकी-पैते झाले (पैते पण इथलीच एक जमात). म्हणून मी जरा आगाऊपणानं विचारलं, भीती नाही वाटत पैसे बुडायची? इमा हसल्या. म्हणाल्या पैसे बुडवते ती आपल्याच जातीची असते, कारण तिला माहीत असतं की आपण काय करणार नाही.

त्यांच्या आजी नुपी लानमध्ये होत्या, हे मला ताईनं नंतर सांगितलं. नुपी लान म्हणजे बायकांचं युद्ध. १९३९ मध्ये भात बाहेर पाठवून इथं तांदूळ मिळेना झाला, तेव्हा १२ डिसेंबरला ह्याच बाजारातल्या बायकांनी जाऊन मणिपूर संस्थानच्या दरबारच्या इंग्रज अधिकाऱ्याला घेरलं, शिपायांनी संगिनी चालवल्या. आणि त्यानंतर वर्षाच्या वर बायकांनी बाजारात बसायलाच नकार दिला. दुकान वर्षभर बंद! मला आठवडाभर बंद ठेवायचं म्हटलं तर घाम फुटतो. इमांना विचारलं तर म्हणाल्या आजी फक्त त्या वर्षी काय खाल्लं तेच सांगायची.

दिवस चौथा

पहाटे पाचला विंगर. इमा, ताई आणि मी, बाकी पण बहुतेक बायकाच, प्रत्येकीच्या मांडीवर घडी केलेल्या रिकाम्या पिशव्या. ११० किलोमीटर आहे फक्त पण चार तास धरा. पाल्लेलपर्यंत सपाट, दोन्ही बाजूला कापलेली भातं, आणि पाल्लेल संपलं की एकदम घाट. धुकं असलं की ड्रायव्हर डोकं बाहेर काढून चालवतोय. रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं, एशियन हायवे १ म्हणे हाच, इथनं बँकॉककडं जाणार. मला तर पुढचा खड्डा पण दिसत नव्हता. १९४४ ला जपानी सैन्य ह्याच रस्त्यावर ह्याच डोंगरात अडलं होतं. त्याच वर्षी उत्तरेला उखरुलकडं सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण लढली, हे दाजींनी आदल्या रात्री जेवताना तीनदा सांगितलं होतं.

तपासणीच्या नाक्यावर सगळे उतरले, सामान घेऊन रांगेतनं चालत पलीकडं जायचं, गाडी रिकामी पुढं येते. जाताना कोण काय तपासणार, पिशव्याच रिकाम्या. इमा म्हणाल्या येताना बघ.

मोरेह म्हणजे गाव केवढं, सोळा-सतरा हजार वस्ती, पण दहा मिनिटांत मी पाच भाषा ऐकल्या. आणि तमिळ! गावात चक्क गोपुर असलेलं देऊळ, अंगाळ परमेश्वरीचं. आम्ही उतरलो ती खोली एका तमिळ म्हातारीची, तिचं खाली इडलीचं हॉटेल. ह्या लोकांची गोष्ट ऐकून माझी इडली गार झाली. हे मूळचे ब्रह्मदेशात व्यापाराला गेलेले. १९६२ मध्ये तिथं लष्करानं सत्ता घेतली, दुकानं सरकारजमा केली, ह्यांना बोटीनं मद्रासला पाठवलं. तिथं करमेना, तिथं ह्यांचं होतं काय, म्हणून काही जण पायी परत बर्माला निघाले, मणिपूरमार्गे. बॉर्डरवर अडवलं. पुढं जाता येईना आणि मागं जायचं नव्हतं, मग इथंच राहिले. म्हातारी तेव्हा पोर होती, आईनं ह्याच रस्त्यावर चुलीवर इडल्या लावल्या आणि विकल्या.

तिला सगळे अक्का म्हणतात. मी पण म्हणाले, कारण आमच्याकडं पण अक्काच. मग हिशेब लागला, मणिपुरीत आई इमा, तमिळमध्ये अम्मा आणि पलीकडं बर्मीमध्ये मोठ्या बहिणीला अमा. त्या बाजारात हाक मारली की कोण वळून बघेल सांगता येत नाही.

संध्याकाळी त्या कुकी व्यापारीणीकडं गेलो. चाळिशीची असेल, पत्र्याचं गोडाऊन, छतापर्यंत ब्लँकेटं. दोघींनी वह्या काढल्या, समोरासमोर ठेवल्या, बोटं फिरवत ओळ-ओळ जुळवली, एका ठिकाणी दोनशेचा फरक निघाला. दोघी गप्प. मग व्यापारीणीनं शंभर वाढवले, इमांनी शंभर सोडले, आणि दोन्ही वह्यांत एकच आकडा लिहिला. कुणाचं बरोबर होतं ह्याच्यावर एक शब्द नाही.

दिवस पाचवा

गेट नंबर दोन. ओळखपत्र ठेवून घ्यायचे आणि पास द्यायचे, चारच्या आत परत यायचं. बॉर्डरच्या दोन्ही बाजूच्या गावकऱ्यांना तर १६ किलोमीटरपर्यंत बिनव्हिसाचं जाता येत होतं तेव्हा. २०१९ च्या जानेवारीत मोठं चेकपोस्ट पण सुरू केलंय, पण पिशवीवाल्या बायका ह्याच गेटनं.

पलीकडं पाऊल टाकलं की घड्याळ एक तास पुढं आणि गाड्या उजव्या बाजूनं. बाकी बाजार म्हणजे आपल्या तुळशीबागेला टिनाचं छत घाला. दुकानात बायका, गालाला थनाका लावलेल्या (झाडाची साल उगाळून करतात, चंदनासारखं), रुपये बिनधास्त घेतात, एका रुपयाला वीसेक च्यात, म्हणजे तिथलं चलन. त्यांच्याकडं आपला माल पण दिसला, औषधं, मैदा, सायकलचे पार्ट. म्हणजे एक बाई ब्लँकेट घेऊन इकडं येते आणि दुसरी औषधं घेऊन तिकडं जाते आणि गेटवर दोघी एकमेकींना ओळखतात.

मी हावरटासारखी क्लिपा आणि हेअरबँड घेत सुटले, दर बघून डोकंच फिरलं, पुण्याच्या होलसेलपेक्षा निम्मे. इमांनी हात धरला. म्हणाल्या, दर नको बघू, वजन बघ. नाक्यावर उतरून तुलाच उचलायचंय.

त्या माल कसा बांधतात ते मी अर्धा तास बघत उभी राहिले. आधी ब्लँकेटचं प्लास्टिकचं कव्हर फाडून फेकायचं, त्याच्यात हवा असते. मग दोन ब्लँकेटं एकत्र घट्ट गुंडाळायची, गुडघा देऊन, आणि गुंडाळीच्या पोकळीत चपला, एकात एक घातलेल्या. थर्मासच्या आत मोजे. एक कुटका जागा वाया नाही. शेवटी दोरी, आणि दोरीचा फास असा की नाक्यावर एका झटक्यात सुटतो आणि एका झटक्यात बसतो, कारण तपासायला उघडावं लागणार आणि मागची रांग थांबत नाही.

आणि मग माझा घोळ. पासचा कागद हरवला! पर्स उलटी केली, क्लिपांच्या पिशव्या उलट्या केल्या, पावणेचार वाजले, तिथले पावणेपाच, दुकानांची शटर पडायला लागली. मला भाषा येत नाही, ओळखपत्र पलीकडं, पोटात गोळा. ज्या बाईकडून हेअरबँड घेतले ती धावत आली, हातात कागद. पैसे देताना नोटांबरोबर तिला दिला होता मी. तिनं काही न बोलता माझ्या गालाला पण थनाका लावला. तसंच गेट पार केलं.

परतीच्या वाटेवर व्यापारीणीकडं एक थर्मास आवडला, स्टीलचा, पण माझ्याकडं दीडशे कमी पडले. ताई द्यायला निघाली तर ती व्यापारीण म्हणाली राहू दे, पुढच्या फेरीला. मी म्हटलं माझी कसली पुढची फेरी, मी महाराष्ट्रातली. तिनं वही काढली आणि लिहिलं. काय नाव लिहिलं कुणास ठाऊक.

दिवस सहावा

परत. विंगरमध्ये पाय ठेवायला जागा नाही. शेजारच्या बाईनं तीन जॅकेट एकावर एक घातलेली, घाम पुसत होती, मला डोळा मारला. नाक्यावर उतरलो, गाठोडी डोक्यावर, चालत. माझी क्लिपांची पिशवी मला उचलेना आणि साठीच्या बाया दोन-दोन गाठोडी घेऊन पुढं. एकीचं सगळं उघडलं, ती शांतपणे परत बांधत बसली, आणि विंगर तिच्यासाठी थांबली, कुणी कुरकुर केली नाही. पुढं वाटेत ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवली, वर्गणी गोळा केली, कुणाला तरी दिली. कुणाला ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. इमा घरी जाऊन हा पण खर्च वहीत मांडतात, 'रस्ता' म्हणून.

इंफाळात संध्याकाळी सातच्या आत सगळी ब्लँकेटं गेली. नगाला साठ-सत्तर सुटले असतील, त्यातून भाडं आणि 'रस्ता' वजा.

आणि नंतर

वही इथं संपते. त्यानंतर मार्च २०२० मध्ये कोरोनात गेट बंद झालं. १ फेब्रुवारी २०२१ ला पलीकडं लष्करानं सत्ता घेतली, तिथं लढाई सुरू झाली, लोक जीव वाचवायला इकडं यायला लागले. इमांचा धंदा चोरून-मारून, थोडा-थोडा चालू होता. आणि ३ मे २०२३ ला मणिपूर पेटलं. अडीचशेच्या वर माणसं मेली, साठ हजार बेघर झाली. मोरेहमधले मैतेई पळाले, त्यांची घरं जाळली. इंफाळमधले कुकी पळाले, त्यांची पण जाळली. मधल्या पट्ट्यात दोन्ही बाजूंचे बंकर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं जाहीर केलं की तो बिनव्हिसाचा मुक्त संचार बंद, आणि १६४३ किलोमीटरच्या अख्ख्या बॉर्डरला कुंपण.

ताई-दाजींची बदली त्याआधीच झाली होती. इमांशी माझं व्हॉट्सॲपवर चालू होतं, मग इंटरनेट महिनोन्महिने बंद, मग एक दिवस फोन आला. त्या ठीक होत्या, आता इंफाळातच सुकी मासळी विकतात. मला वाटलं ख्यालीखुशालीचा फोन. तर त्या हिशेबाचं बोलायला लागल्या. व्यापारीणीचे अकरा हजार द्यायचे राहिलेत म्हणे. ती मोरेहमध्येच आहे, पोरगी दिल्लीत शिकते. मोरेहला ह्या जाऊ शकत नाहीत आणि इंफाळला ती येऊ शकत नाही. मी म्हटलं ऑनलाइन पाठवा. गप्प झाल्या. मग म्हणाल्या, पाठवलं की नाव दिसतं ना. माझं तिच्या फोनवर आणि तिचं माझ्या. कुणी फोन बघितला तर?

तर आता असं आहे. इमा मला पाठवतात आणि मी दिल्लीला पोरीला पाठवते. मध्ये विट्याचं कटलरीचं दुकान, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पहिल्या वेळी मी स्वतःचे थर्मासचे दीडशे पण घातले होते, पोरीनं परत पाठवले, म्हणाली आई म्हणते ते पुढच्या फेरीचे आहेत.

दर महिन्याला पाचशे. मी ह्याच वहीत मागच्या पानावर मांडते, सगळ्या गिऱ्हाइकांच्या बाकीखाली. नऊ हप्ते झाले, कालच आला नववा. साडेसहा हजार राहिलेत.